डिंक दिसला की आधी भुसा शोधा

आंब्याच्या खोडावर डिंकाचा ओघळ दिसला की माणूस थेट कृषी सेवा केंद्रात जातो आणि विचारतो, "यावर काय मारू?" दुकानदार काहीतरी देतो. बुरशीनाशक दिलं आणि आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, असली तर पैसे वाया. भिरुडाचं औषध दिलं आणि मुळात झोपाळ्याच्या दोरीने साल कापलेली असली तर तेही वाया. मी रत्नागिरी जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून नोकरी केली. आता देवरुखला घरची झाडं सांभाळतो, आणि आळीतली माणसं अजूनही "भाऊ, जरा येऊन बघून जा" म्हणून हाक मारतात. तिथे जाऊन मी जे बघतो ते कुणालाही बघता येईल. हत्यारंही घरातलीच: जुनी कोयती किंवा बोथट चाकू, सायकलच्या चाकाची एखादी तार, खडू आणि रद्दी पेपर.

डिंक म्हणजे बहुतेक वेळा झाडाने स्वतःच्याच जखमेत मारलेला बोळा असतो. तो थांबवण्याच्या मागे लागू नका, जखम कशाची आहे ते शोधा. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या. जमिनीपासून किती उंचीवर आलंय, जे आलंय ते घट्ट आहे की पातळ, आणि त्याच्यासोबत आणखी काय आहे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत.

जे मुळात दुखणं नाही

निम्म्या वेळा झाडाला काहीही झालेलं नसतं. फणसाच्या खोडावर जागोजागी खडबडीत गाठी असतात. आमच्या खालच्या आळीतल्या वहिनींनी त्या तासून काढायला गडी बोलावला होता. नशिबाने गडी शहाणा, तो म्हणाला आधी भाऊंना विचारा. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतो, त्याचे आखूड फुटवे वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी येतात आणि तिथे गाठ तयार होते. ती गाठ तासली म्हणजे पुढच्या वर्षीची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, तासली. उंबराच्या खोडावरही असंच असतं.

सालीवर राखाडी-हिरवट, पापुद्र्यासारखे चट्टे दिसतात ते दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो तेही याच जातकुळीतलं. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार असतो. तो झाडातून काही ओढून घेत नाही, सालीचा फक्त बसायला पाट म्हणून उपयोग करतो. म्हाताऱ्या किंवा मंदावलेल्या फांदीवर तो जास्त दिसतो, कारण तिथली साल लवकर बदलत नाही आणि पानं विरळ असल्याने ऊन पोचतं. म्हणून लोकांना वाटतं दगडफुलाने फांदी वाळवली. फांदी का वाळतेय ते वेगळं शोधा. शेवाळाचंही तेच. आंब्यावर सीतेची वेणी किंवा दुसरी एखादी आमरी (ऑर्किड) आली असेल तर तिला हात लावू नका, ती नुसती पाहुणी आहे.

शेवग्याला जरा खरचटलं तरी डिंक येतो. ताजा असताना फिकट, मग लालसर, शेवटी काळपट. रंग बदलला म्हणून घाबरायचं कारण नाही. बिबळ्याच्या झाडाची साल कापली तर रक्तासारखा लाल रस येतो, तो त्याचा स्वभाव. फणस उतरवल्यावर देठातून पांढरा चीक येणारच. आंब्याचा ताजा चीक मात्र कातडी भाजतो, तेव्हा डोळ्यांना हात लावण्याआधी तेल चोळून मग साबणाने धुवा.

छाटलेल्या फांदीच्या जागी कडेने गोल, गुबगुबीत ओठ येत असतील तर झाड जखम मिटवतंय. त्यावर डांबर, ऑइल पेंट काही फासू नका.

भुसा आहे का?

आता खरी तपासणी. डिंक जिथे आहे तिथून खाली बुंध्यापर्यंत नजर फिरवा. खोडाच्या बेचक्यात, सालीच्या भेगेत, मुळांच्या खोबणीत लाकडाचा भुसा किंवा चोथा पडलाय का? पडला असेल तर आत कीड आहे असं धरून चाला. पण भुसा जुना की ताजा हे आधी ठरवा. सगळा झाडून काढा, खाली पेपर पसरून कडेला दगड ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. ताजा भुसा पडला असेल तर अळी जिवंत आहे. सलग दोन-तीन सकाळी पेपर स्वच्छ राहिला तर ती एक तर मेली किंवा भुंगा होऊन उडून गेली. आता त्या भोकात औषध ओतून कुणाला मारणार?

आंब्यावरचा भिरूड, म्हणजे खोडकिडा, हा लांब मिशांच्या राखाडी भुंग्याची अळी असतो. भुंगा सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी पांढरट, जाड, बिनपायांची, काळपट डोक्याची. ती लाकूड पोखरत जाते आणि भोकातून जाडसर, तंतूंचा ओलसर भुसा बाहेर ढकलते. आधी एखादीच फांदी पिवळी पडते, मग वाळते, आणि मालक म्हणतो, "उन्हाने वाळली." उन्हाने एकच फांदी वाळत नाही.

भोक सापडलं की तोंडाशी असलेला भुसा कोयतीच्या टोकाने साफ करा. तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आत घाला. तार वळणावर अडते तिथे फिरवा आणि बाहेर ओढा. पांढरट द्रव किंवा अळीचा तुकडा आला तर काम झालं. तारेला नुसता भुसाच येत असेल तर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत खोल सारा आणि तोंड चिखलाने घट्ट लिंपून टाका. जवळ बिडी पेटवलेला माणूस नको, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. आठवड्याने बघा. चिखल फोडून पुन्हा भुसा आला असेल तर पुन्हा तेच करा. एका खोडात दोन-तीन भोकं असू शकतात, म्हणून पहिल्या भोकावर समाधान मानून घरी जाऊ नका.

भुशाचा दुसरा प्रकार ओळखायला सोपा आहे. पेरू, शेवगा, जांभूळ, बोर, आंबा यांच्या खोडावर तपकिरी रंगाची नागमोडी पट्टी दिसते. बोटाने उचलली तर ती रेशमाच्या जाळीत अडकलेली साल आणि विष्ठा निघते. ही साल खाणारी अळी. दिवसा ती बेचक्यातल्या आखूड भोकात लपते आणि रात्री त्या पट्टीच्या आडोशाने साल कुरतडते. पट्टी खराट्याने ओरबाडून काढा, तिच्या वरच्या टोकाला भोक सापडेल, तिथे तार किंवा बोळा. ही अळी मोठं झाड सहसा मारत नाही, पण दुर्लक्षित पेरूची दोन वर्षांत रया घालवते.

काजूच्या बाबतीत मात्र कमरेत वाकायचं. काजूचा खोड आणि मूळ पोखरणारा किडा बुंध्याशी, अगदी जमिनीलगत सुरुवात करतो. डिंक आणि भुसा दोन्ही मातीत मिसळलेले असतात आणि पालापाचोळ्याखाली झाकलेले. वरची पानं पिवळी पडेपर्यंत वाट बघितली तर फार उशीर होतो. काजूच्या बुंध्याशी पाला साठू देऊ नका, एवढं केलं तरी कीड वेळेत दिसते.

वाळवीची मातीची नळी दिसली तर चाकूने थोडी उकरून खाली काय आहे ते बघा. बहुतेक वेळा ती वरची मेलेली साल खात असते. पण खालचं लाकूडही मऊ लागलं तर आधी तिथे काहीतरी कुजलेलं होतं, वाळवी नंतर आली.

भुसा नसेल तर चाकू

भुसा नाही, भोक नाही, नुसता डिंक. मग डिंकाच्या कडेला चाकूने नखाएवढी साल हलकी खरवडा. फक्त वरची, लाकडापर्यंत जाऊ नका. आतली साल पांढरट-हिरवी आणि ओलसर असेल तर जखम वरवरची आहे. खिळा, फलकाची तार, दिवाळीच्या माळा, गुरं बांधायची दोरी, असलं काहीतरी सापडतंच. ते काढा आणि झाडाला त्याच्या वाटेने जाऊ द्या.

आतली साल तपकिरी, ओली, वास मारणारी असेल तर कुजणं सुरू आहे. थोडं थोडं खरवडत निरोगी कडेपर्यंत पोचा आणि त्या कडेवर खडूने रेघ मारा. पावसात खडू टिकत नाही, तेव्हा पावसाळ्यात ऑइल पेंटचा ठिपका. महिन्याने बघा. कुजणं रेघेबाहेर गेलं असेल तर रोग चालता आहे, नसेल तर झाडाने तो रोखलाय. माझ्या मते ही रेघ कुठल्याही औषधाइतकीच कामाची आहे, पण ती फुकट असल्याने कुणी मारत नाही.

लिंबू, पपनस, संत्रं, मोसंबी यांच्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या खोडावर साल उभी तडकून डिंक येत असेल तर तो डिंक्या. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारांना याची ओळख करून द्यायला नको. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचा हा रोग मातीतून येतो आणि ओल्या सालीत शिरतो. परसातल्या लिंबाला तो होण्याचं कारण नव्वद टक्के माणूसच असतो, आकडा माझा अंदाजाचा. मोरीचं पाणी लिंबाला सोडलेलं असतं, आणि आळं थेट खोडाला भिडवून वर मातीची भर घातलेली असते. कलमाचा जोड मातीखाली गेला की संपलं.

आधी माती बाजूला ओढा, वरची मुळं जिथे फुटतात तिथपर्यंत खोड उघडं करा. पाण्यासाठी खोडाभोवती दोन गोल करा, आतला कोरडा, बाहेरच्यात पाणी. मोरीचा पाट केळीकडे वळवा, केळ आनंदाने घेईल. मग कुजलेली साल खरवडून गोळा करा आणि जाळा, झाडाखाली टाकू नका. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का पाण्याने धुवून, वाळवून बोर्डो मलम लावा, त्याची कृती पुढे दिली आहे. खोडाचा पूर्ण घेर कुजला असेल तर मलम लावून उपयोग नाही, नवं कलम आणा आणि दुसऱ्या जागी लावा.

कागदी लिंबाच्या काटक्यांवर, पानांवर, फळांवर खडबडीत तपकिरी फोड असतील तर तो खैऱ्या. तो जिवाणूंमुळे होतो, डिंक्याशी त्याचा संबंध नाही. रोगट काटक्या छाटून जाळा.

आंब्याची फांदी शेंड्याकडून मागे वाळत येते आणि सोबत काळपट डिंक ओघळतो, हा बुरशीचा मररोग. वाळलेल्या भागाच्या चार बोटं खाली, हिरव्या सालीत काप घ्या. कापलेल्या लाकडात तपकिरी डाग दिसत असेल तर आणखी खाली. मग मलम. भर पावसात कोकणात फणस, आंबा, काजूच्या फांदीवर गुलाबीसर पापुद्रा चढतो. तो गुलाबी रोग, त्यालाही हीच छाटणी आणि हेच मलम.

बोर्डो मलम घरी

शेतावर एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी घेतात. परसासाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर पुरतं. मोरचूद अर्ध्या लिटरात विरघळवा, चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विझवून गाळून घ्या. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत. लोखंडाच्या बादलीत केलं तर बादलीही गेली आणि मलमही. चुना थंड झाला की दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळा. निळसर, दाट मलम होतं. त्यात घासलेली कोयती मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. नाहीतर झाडाची साल पोळेल. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरा.

फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८० च्या दशकात द्राक्षांसाठी निघालेलं हे मिश्रण आहे. एवढ्या वर्षांनीही परसातल्या माणसाने दुसरं बुरशीनाशक आणायच्या आधी हेच करून बघावं, असं माझं ठाम मत आहे. पण ते जखमेसाठी आहे. गेरू-चुन्याचे पट्टे ओढल्यासारखं सोसायटीतल्या सगळ्या झाडांना फासलं तर भोकं आणि भेगा झाकल्या जातात आणि पुढचं काही दिसतच नाही.

नारळाचा हिशेब वेगळा

आंब्याची जखम कडेने भरून येते, नारळाची येत नाही. त्याच्या खोडाला नवी साल आणि नवं लाकूड घालणारा थरच नसतो. एकदा पडलेलं भोक जन्मभर राहतं. म्हणून पाडेल्याने, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याने, चढायला खोडात खाचा पाडल्या तर मी भांडतो, चांगला पाडेली बिनखाचेचा चढतो.

नारळाच्या खोडाच्या खालच्या भागात भेगांतून गंजाच्या रंगाचं पाणी ओघळून काळं पडत असेल तर तो खोड पाझरण्याचा बुरशीजन्य रोग. पटाशीने कुजका भाग काढून टाका, बोर्डो मलम किंवा गरम डांबर लावा, बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, आणि झाडाला पाच किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून घाला.

पण त्याच तपकिरी पाण्यासोबत भोकातून चघळलेले तंतू बाहेर आले असतील तर तो सोंड्या भुंगा. दुपारी आजूबाजूला शांत असताना खोडाला कान लावा, आत कुरतडण्याचा आवाज येतो. खोटं वाटत असेल तर करून बघा. तरण्या माडांवर हा जास्त येतो, आणि जखमेच्या किंवा गेंड्या भुंग्याने केलेल्या भोकाच्या वासाने येतो. मधला कोंब कोमेजला असेल तर माड वाचणं कठीण. तो तोडून, खोड चिरून आतल्या अळ्यांसकट नष्ट करा, नाहीतर शेजारच्या माडांची पाळी. कोंब ताठ असेल तर वेळ न घालवता तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या माणसांना दाखवा. या किडीवर घरगुती उपायाच्या भरवशावर राहू नये.

बांडगूळ

आंब्याच्या फांदीवर भलतीच गाठ, आणि गाठीतून जाडसर, वेगळ्याच पानांचा झुपका. हे बांडगूळ. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो, तिथेच ते रुजतं. त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरून पाणी आणि क्षार ओढतात. नुसती पानं ओरबाडली तर पुढच्या पावसात पुन्हा हजर. गाठीच्या वीतभर खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, फांदी कापा आणि मलम लावा. फळं पिकायच्या आधी कापलंत तर शेजाऱ्याच्या कलमांवरही उपकार. मुख्य खोडावरच असेल तर गाठ तासून ठेवा आणि फुटवा आला की खुडत राहा, दोन-तीन पावसाळे तरी लागतात.

आंबलेलं पाणी

खोडाच्या जुन्या जखमेतून पातळ, काळपट, आंबूस वासाचं पाणी झिरपतं आणि त्यावर माश्या, मुंग्या, फुलपाखरं जमतात. आतल्या लाकडात जिवाणू रस आंबवतात, वायू साठतो आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर येतं. पूर्वी भोक पाडून नळी घालायचे. ते करू नका, त्याने कुज आणखी आत जाते. साल पाण्याने धुवा, उन्हाळ्यात झाडाला पाणी द्या, एवढंच. कडुलिंबातून पांढरट पाणी आलं तर बघता बघता हळदकुंकू पडतं आणि लोक बाटल्या घेऊन येतात. हळदकुंकवाला माझी हरकत नाही. पिऊ नका.

हे दिसलं तर माणूस बोलवा

बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर लाकडासारखी कडक, वरून लाखेसारखी चकचकीत तपकिरी आणि कडेने पांढरी अळंबी दिसली तर वाट बघू नका. आतलं लाकूड आणि मुळं कुजलेली असतात. गुलमोहरात हे फार बघितलंय, वर हिरवागार, फुललेला आणि खाली आधारच नाही. कोयतीच्या दांड्याने बुंधा सगळ्या बाजूंनी ठोकून बघा. एका बाजूला पोकळ, ढब असा आवाज येतो का, झाड एका अंगाला कललंय का, बुंध्याशी माती उचलली गेलीय का. अळंबी खरवडून टाकली तर पुरावा जातो, रोग राहतो.

असं झाड घराच्या छपरावर, विजेच्या तारेवर किंवा वाटेवर येत असेल तर ते काढावं लागेल. पण स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगी लागते. नगरपालिका, महापालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. गावात आंबा, फणस, चिंच, ऐन अशा अनुसूचीतल्या झाडांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो, त्याची चौकशी वनखात्याच्या कार्यालयात करा. अर्जासोबत अळंबीचा जवळून एक, कललेल्या खोडाचा लांबून एक, आणि खाली काय आहे ते दाखवणारा एक असे फोटो जोडा. एप्रिलमध्ये अर्ज टाका, मृग लागल्यावर सगळ्यांचीच झाडं एकदम धोकादायक होतात आणि रांग वाढते.